पडीक राखणारा मामा

काम काय करता, असं कोणी विचारलं की मामाची पंचाईत व्हायची. खरं सांगितलं की लोक हसायचे. मामाचं काम होतं एक रिकामी जागा रिकामी ठेवायची. बस. तिथे काही पेरायचं नाही, बांधायचं नाही, कोणाला बांधू द्यायचं नाही, गाड्या लावू द्यायच्या नाहीत, कचरा टाकू द्यायचा नाही. याचा पगार मिळतो हे ऐकून लोक लगेच विचारायचे, "तुमच्यात अजून भरती चालू आहे का?"

ऑफिसच्या कागदांवर त्या जागेचं नाव दीड ओळीचं होतं. गल्लीत सगळे तिला पडीक म्हणायचे. समोर खाडी, खाडीला लागून मातीचा बांध, बांधाच्या आत डावीकडे पडीक आणि उजवीकडे चाळीस घरांची गल्ली. पडिकाच्या बाजूला बांधात एक लोखंडी गेट होतं आणि ते वरखाली करायला माथ्यावर एक चाक. आता भानगड अशी, की खाडी अरुंद. वरून पावसाचं पाणी आलं आणि त्याच वेळी खालून समुद्राची भरती चढली, की मधलं पाणी जाणार कुठे? गल्लीच्या तोंडाशी बांध जरा बसलेला होता, तिथून ते सरळ गल्लीत उतरणार. पण त्याच्या आधी चाक फिरवून गेट उघडलं, की पाणी पडिकात पसरायचं. गुडघाभर, कधी कमरेपर्यंत. गल्ली कोरडी ती कोरडीच. ओहोटी लागली की त्याच गेटातून पाणी गपगुमान परत.

ऐकायला सोपं आहे. चाक फिरवून बघावं एकदा. गंजलेलं, मामाच्या छातीएवढं, आणि पंचाहत्तर फेरे. मधे सोडलं तर उलटं फिरून मनगट मोडतं. मामाने ते अकरा वर्षं फिरवलं. ताप असताना फिरवलं. एकदा गेटाच्या साखळीखाली पाय सापडला, अंगठा सुजून बटाटा झाला, तसा लंगडत उरलेले चाळीस फेरे पूर्ण केले. अकरा वर्षांत गल्लीत पाण्याचा थेंब आला नाही. आणि हीच मामाची सगळ्यात मोठी चूक झाली, पण ते नंतर.

त्याला मामा म्हणायचे कारण त्याची मोठी बहीण गल्लीत राहायची. तिच्या दोन पोरींचा मामा, म्हणून शेजारच्या पोरांचा मामा, मग त्यांच्या आईबापांचाही मामा. शेवटी ऑफिसातला शिपाईसुद्धा मामा म्हणायला लागला. फक्त ताई त्याला ठोंब्या म्हणायची. ताई शिवणकाम करायची. घर म्हणजे एकच मोठी खोली, दारात मशीन, मागे चूल आणि वर माळा. मामाचं लग्न झालं नव्हतं. "कोण देणार याला मुलगी?" ताई गिऱ्हाइकाच्या बाहीला टाचण्या लावता लावता सांगायची. "जावई काय करतात? तर काही नसलेलं राखतात."

मामा जेवायला तिच्याकडे आणि राहायला गेटाशेजारच्या टपरीवजा खोलीत. खोलीत एक खाट, एक कंदील, फावडं, दाताळं, तीन प्रकारचे ब्रश आणि ऑफिसचं रजिस्टर.

ब्रशांचं सांगायला हवं. पाणी येऊन गेलं की पडिकात चिखल राहायचा. बाटल्या, पिशव्या, चपला, एकदा तर आख्खा दरवाजा कडीकोयंड्यासकट. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, राहू दे, पुढच्या भरतीला परत येणारच आहे. मामाला ते जमायचंच नाही. पाणी उतरलं की दाताळं घेऊन हा आत. दोन दिवसांत पडीक असं लख्ख, की जणू काही झालंच नाही. कुंपणाच्या भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ उमटायची, ती ब्रशने घासून काढायचा. ताई म्हणायची, "अरे, ती भिंत आहे का आरसा? कोण बघणारे तिथे?"

"घाण तशीच ठेवायची तर मला कशाला ठेवलंय?"

आणि संध्याकाळी रजिस्टर. त्यात रोजची नोंद करायची असते. आज काय झालं, पाणी किती आलं, कुठवर आलं, सगळं. मामा रोज दोनच शब्द लिहायचा. सर्व ठीक. अंगठा सुजला त्या दिवशीही सर्व ठीक. दरवाजा वाहून आला त्या दिवशीही. त्याचं म्हणणं असं, की पाणी येणार होतं, आलं, आपण घेतलं, परत पाठवलं. मग बिघडलं काय? रडगाणं लिहायला वही कशाला लागते?

मग एक दिवस धाकटे साहेब आले. ऑफिसात दोन साहेब होते. मोठ्या मॅडम आणि हे. धाकटे म्हणजे वयाने तिशीचे, पांढरे बूट, बगलेत नकाशाचं नळकांडं. त्यांनी पडीक बघितलं. बारीक कापलेलं गवत, स्वच्छ भिंती, एक कागद कुठे पडलेला नाही.

"वा," ते म्हणाले. "काय सुंदर प्लॉट आहे हो."

प्लॉट हा शब्द ऐकून मामाने हातातलं दाताळं खाली ठेवलं.

साहेबांनी नळकांडं उघडून नकाशा दाखवला. पडिकावर आठ फूट भराव टाकायचा आणि वर तीन मजली इमारत. मामाने नाव वाचलं. पूर नियंत्रण भवन. परत वाचलं. तेच होतं.

"साहेब, पण पूर इथेच येतो."

"कुठे येतो?"

"इथे. आपण उभे आहोत तिथे. तुमच्या कमरेपर्यंत."

साहेबांनी स्वतःच्या कमरेकडे बघितलं, मग भिंतीकडे. भिंत स्वच्छ. मग रजिस्टर मागवलं आणि उभ्या उभ्या पानं चाळली. सर्व ठीक, सर्व ठीक, सर्व ठीक. अकरा वर्षं.

"मामा," ते प्रेमाने म्हणाले, "तुमच्याच अक्षरात आहे."

ही बातमी गल्लीत पोचली आणि सगळे ताईच्या दारात जमले. भराव पडला तर पाणी जाणार कुठे, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. सह्या घेतल्या, अर्ज केला, दहा जण ऑफिसात गेले. तिथे त्यांना विचारलं, फोटो आहे का? पंचनामा? कोणाचं नुकसान झाल्याची एखादी तक्रार? दहाच्या दहा जणांनी मामाकडे बघितलं, जणू त्यानेच घरं फोडली आहेत.

परत येताना गल्लीतला सलूनवाला तर रस्त्यातच भांडला. "मामा, हे सगळं तुझ्यामुळे. अकरा वर्षांत एकदा, एकदा तरी झोपून राहायचं होतंस!"

"मी झोपलो असतो तर तुझं सलून..."

"सलूनचं सोड. फोटो तरी निघाला असता!"

मामा तसाच पुढे चालायला लागला. माणसाने काम नीट केलं म्हणून बोलणी खायची ही त्याची पहिलीच वेळ होती, त्यामुळे अशा वेळी काय बोलतात ते त्याला माहीत नव्हतं.

मग कळलं की मोठ्या मॅडम स्वतः जागा बघायला येणार. त्यांनी जागेवर हो म्हटलं की दुसऱ्या दिवशी मातीचे ट्रक. तारीख मॅडमच्या सोयीने ठरली होती. मामाने ती ऐकली आणि खोलीतल्या भिंतीवरचं भरतीचं कोष्टक बघितलं. महिन्यातली सगळ्यात मोठी भरती त्याच दिवशी, दुपारी पावणेएकला, आणि दिवस पावसाचे. मामा सायकल मारत ऑफिसात गेला.

"साहेब, त्या दिवशी पाणी आत घ्यावं लागेल. पडिकात कोणाला उभं राहता यायचं नाही."

धाकट्या साहेबांचा चेहरा पडला. मंडप ठरला होता, खुर्च्या ठरल्या होत्या, टेबलावर इमारतीचं मॉडेल ठेवायचं होतं. "मग नका घेऊ आत. गेट बंद ठेवा."

"बंद ठेवलं तर गल्लीत जाईल."

"मामा, अकरा वर्षांत गेलंय का कधी?"

"कारण मी उघडतो!"

"हे बघा," साहेब घड्याळ बघत म्हणाले, "दहा ते दोन गेट बंद. लेखी देतो, म्हणजे तुमच्यावर काही यायला नको." आणि दिलंच. सही, शिक्का, तारीख. मामाने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. निखारा ठेवल्यासारखी ती त्याला दिवसभर चटके देत राहिली.

संध्याकाळी तो ताईकडे जेवायला बसला आणि ताट बाजूला सारलं.

"उघडणार मी," तो म्हणाला. "नोकरी गेली तर गेली. मंडपात बसलेले असू देत. भिजतील."

ताईने मशीनचं चाक हाताने थांबवलं. "नको उघडू."

"काय?"

"कागदात लिहिलंय ना बंद ठेव? ठेव."

"ताई, तुझ्या घरात येईल! मशीन, कापडं, लोकांचे शिवायला आलेले कपडे..."

"येईलच. भराव टाकल्यावर दर महिन्याला येईल. मग आता एकदा पाहुणा म्हणून येऊ दे." तिने दातांनी दोरा तोडला. "त्या लोकांनी पाणी कधी बघितलंच नाही रे ठोंब्या. तू बघूच दिलं नाहीस. तू असा नोकर आहेस, की मालकाला वाटतं काही काम नव्हतंच."

"पण मी बघत उभा राहू? हात बांधून?"

"तेच तर अवघड आहे. म्हणून सांगतेय, खिशात घाल हात."

ताईने गल्लीला सांगितलं आणि गल्लीने मान डोलावली. एकच अट होती. मामाला कोणी दोष द्यायचा नाही. ही अट ताईनेच घातली, आणि घालताना सलूनवाल्याकडे बघितलं. मामाच्या आधी गल्लीत पाणी यायचंच, त्यामुळे जुन्या लोकांच्या हाताला सवय होती. मधे अकरा वर्षं गेली तरी खाटांखाली लावायच्या विटा प्रत्येकाच्या परसात रचलेल्या होत्या. आदल्या दिवशी दुपारपासून गल्लीत एकच गडबड. खाटेवर खाट, खाटेवर टेबल, टेबलावर पिठाचे डबे. फ्रीज चार जणांनी उचलून ओट्यावर. ताईचं मशीन माळ्यावर चढवताना मामाने खालून खांदा दिला आणि वर ताई ओरडत होती, "अरे हळू, मशीन आहे ते, तुझं गेट नाही!"

फक्त सलूनवाल्याचं अडलं. त्याची खुर्ची चार बोल्टांनी जमिनीला बसवलेली होती. तीन निघाले, चौथा गंजून फरशीशी एकजीव झालेला.

दुसऱ्या दिवशी ऊन लख्ख. आदल्या दिवशी वरच्या अंगाला पाऊस पडून गेला होता, खाडीचं पाणी चहाच्या रंगाचं झालेलं. साडेअकराला तीन गाड्या आल्या. पडिकात गाडी लावायची नाही हा ऑफिसचाच नियम, म्हणून त्या गल्लीत लागल्या. ड्रायव्हर लोक ताईच्या ओट्यावर टेकले. मंडपात मोठ्या मॅडम बसल्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. धाकटे साहेब मॉडेलवरून बोट फिरवत सांगायला लागले.

मामा बांधावर चाकाशेजारी उभा होता. हात खिशात.

बारा वाजले. पाणी बांधाला लावलेल्या दगडी पायऱ्यांतल्या दुसरीवर. रोजची गोष्ट असती तर या वेळी त्याने पहिला फेरा मारला असता. सव्वाबारा. तिसरी पायरी. त्याचे हात खिशातल्या खिशात चाकाच्या बेताने वळायला लागले. त्याने खाडीकडे पाठ केली, तर समोर गल्ली दिसली. मग गल्लीकडे पाठ केली, तर मंडप. शेवटी तो नुसता स्वतःच्या चपलांकडे बघत राहिला. या माणसाने अकरा वर्षांत केलेलं सगळ्यात कष्टाचं काम हे होतं, आणि बघणाऱ्याला वाटलं असतं गडी उन्हात पेंगतोय.

तेवढ्यात सलूनवाला पाना हातात घेऊन धावत बांधावर आला. "मामा, उघड! पाच मिनिटं उघड फक्त! चौथा बोल्ट हलायला लागलाय!"

मामाचे दोन्ही हात खिशाबाहेर आले. चाकावर पडलेसुद्धा. आणि तिथेच राहिले. "पाच मिनिटं उघडून होत नाही रे," तो म्हणाला.  "जा तू. मला बघवत नाही. जा."

सलूनवाला तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत परत पळाला. बांधाच्या बसक्या भागावरून पाण्याची पातळ जीभ गल्लीत उतरली. आवाजसुद्धा झाला नाही. ड्रायव्हरांपैकी एकाने पायात काय गार लागतंय म्हणून खाली बघितलं, तेव्हा त्याची चप्पल निघाली होती समोरच्या घराकडे. मग आरडाओरडा. पहिल्या गाडीच्या दारातून पाणी आत शिरलं आणि तिचा हॉर्न आपोआप वाजायला लागला, तो थांबेचना.

मंडपात धाकटे साहेब म्हणत होते, "...आणि ही जागा मुळातच कोरडी असल्यामुळे..." मॅडमनी हात वर करून त्यांना थांबवलं. "हा कसला आवाज?"

त्या बांधावर चढल्या. मागोमाग धाकटे साहेब. डावीकडे पडीक, हिरवं, कोरडं, मधे मंडप. उजवीकडे गल्लीत गुडघाभर तपकिरी पाणी, त्यात तीन गाड्या, ओट्यांवर बायका, आणि सलूनच्या दारात एका बोल्टावर गोल गोल फिरणारी खुर्ची.

"मामा!" धाकटे साहेब किंचाळले. "गेट उघडा! बघताय काय?"

मामाने खिशातून घडी काढून उलगडली. "दोन वाजेपर्यंत बंद. सही तुमची आहे."

"अहो, मीच सांगतोय ना उघडा!"

"लेखी द्या."

हे तो का म्हणाला, ते त्यालाही नंतर कधी सांगता आलं नाही. आयुष्यात त्याने साहेबाला उलट उत्तर दिलं नव्हतं. मॅडमनी कागद त्याच्या हातातून घेतला, वाचला, आणि चष्म्यावरून धाकट्या साहेबांकडे बघितलं. नुसतं बघितलं. मग मामाला विचारलं, "हे दरवेळी होतं?"

"नाही मॅडम. अकरा वर्षांत एकदाही नाही."

"मग आज कसं झालं?"

"आज पडीक कोरडं ठेवायचं होतं."

मॅडमनी चष्मा वर सरकवला. त्यांनी पडिकाकडे बघितलं, गल्लीकडे बघितलं, मग मंडपातल्या मॉडेलकडे. पुठ्ठ्याची ती इमारत छान दिसत होती, भोवती छोटी छोटी हिरवी झाडंसुद्धा लावली होती. गल्ली मात्र मॉडेलमधे दाखवलीच नव्हती.

"उघडा," त्या म्हणाल्या.

"आधी खुर्च्या उचलायला सांगा मॅडम. पाणी तिथेच येणार."

"राहू दे खुर्च्या."

एवढंच हवं होतं. मामाने चाक धरलं आणि असं फिरवायला लागला, की अकरा वर्षांत तसं फिरवलं नसेल. पंचाहत्तर फेरे. पाणी गेटातून उसळून पडिकात घुसलं, गवत आडवं झालं, मंडपाचे खांब डोलले, टेबल तिरकं झालं. पूर नियंत्रण भवन तीन मजल्यांसकट घसरलं आणि होडीसारखं कुंपणाकडे निघालं. कोणी ते धरायला गेलं नाही. इकडे बांधावरून उतरणारी पाण्याची जीभ बारीक होत होत तुटली, आणि गल्लीतलं पाणी तासाभरात घोट्यावर आलं. मॅडम शेवटपर्यंत उभ्या होत्या. ताई साडी खोचून, डोक्यावर किटली धरून पाण्यातून आली आणि सगळ्यांना चहा दिला. धाकट्या साहेबांनाही दिला. "घ्या साहेब, तुम्हालाच जास्त गरज आहे."

महिन्याभराने ऑफिसातून एक पाकीट आलं, त्यात दोन पत्रं. पहिल्यात लिहिलं होतं, की सदर जागा कायम रिकामी ठेवावी, भवन दुसरीकडे होईल. दुसऱ्यात मामाला विचारलं होतं, की गेट वेळेवर न उघडल्यामुळे ऑफिसच्या तीन गाड्यांचं नुकसान झालं, त्याचा खुलासा सात दिवसांत करावा. मामाने शिक्क्याच्या कागदाची झेरॉक्स लावली आणि खुलाशाखाली जागा उरली होती तिथे, हात गेला सवयीने म्हणून, लिहिलं, सर्व ठीक. ताईने ते खोडायला लावलं.

पत्रात खाली आणखी एक ओळ होती. यापुढे पाण्याच्या खुणा पुसू नयेत.

गाड्या गेल्या, नोकरी राहिली, सलूनवाल्याने नवीन खुर्ची घेतली आणि ती बोल्टाने बसवली नाही. सगळं जागच्या जागी आलं. पण ताईच्या दाराशेजारच्या भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला एक तपकिरी रेघ राहिली. गल्लीने आपापली भिंत रंगवली, ताईने रंगवली नाही. मामा रोज जेवायला येतो, हात धुतो, आणि पाटावर बसायच्या आधी त्याची नजर त्या रेघेवर जाते. एकदोनदा तर येताना पिशवीत लहान ब्रश होता.

"ठोंब्या," ताई मशीनवरून मान वर न करता म्हणते. "हात लावलास तर कात्री आहे माझ्याकडे."

"अगं, एवढाच कोपरा. वाईट दिसतं."

"दिसू दे. जेव गुपचूप."

मामा जेवतो. पण अर्धं लक्ष भिंतीवरच.